जावयाचा रुसवा आणि दोन सायकली

"तुम्हाला जमणार नाही" असं कोणी म्हटलं की मी आधी "जमेल" म्हणून टाकते, विचार मागून करते. त्या फेरीचंही तसंच झालं.

आमच्या जिल्ह्याच्या गावी लालबाग भागातल्या शाळेत मी गणित शिकवते. आठवीतली एक मुलगी शेजारच्या बहादरपूर गावाहून यायची. भाऊ मोटारसायकलवर सोडायचा. तो कामाला सुरतला गेला आणि हिची शाळा बंद झाली. मी तडक तिच्या घरी गेले. रस्त्यालगत वडिलांची पिठाची चक्की. मी म्हटलं, "सायकल मिळाली तर पाठवाल?"

"सायकल देसान तुमी मॅडम," ते म्हणाले, "पन या रस्त्यानं केळीचे ट्रक कसे पळतात, पाहिले ना? तुमी सोता जासान का सायकलवर?"

"अख्खा जिल्हा फिरून तुमच्या दारावरून जाईन," मी म्हटलं. "मग पाठवाल?"

"मंग पाहू."

ते 'पाहू' माझ्या डोक्यात बसलं. गावातल्या काही मंडळींनी त्या थंडीत चार दिवसांची जिल्हाभराची सायकल फेरी काढली होती. जोडीनं पूर्ण करायची. जी जोडी पूर्ण करेल तिच्या शाळेतल्या मुलींना सायकली मिळणार. अट एकच, वाटेत गाडीत बसलं की फेरी बाद.

जोडीला मी विज्ञानाचे सर घेतले. घेतले म्हणजे स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं. सरांना आयुष्यात कोणाला नाही म्हणता आलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. सगळे हसले, कारण सरांचं पोट वर्गात आधी शिरतं आणि सर मागून.

असीरगडच्या चढावर सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही व्हा पुढे, माझं काही खरं नाही."

"सर, बोलण्यात दम घालवू नका. पेडल मारा."

मारलं बिचाऱ्यांनी. खकनारकडच्या खडबडीत रस्त्यावरही मारलं. चौथ्या दिवशी सकाळी ते माझ्यापुढे होते आणि चक्क गुणगुणत होते. आता बहादरपूर ओलांडायचं, चक्कीवरून जायचं आणि फेरी संपते त्या शनवाऱ्याच्या चौकात पोचायचं, एवढंच राहिलं होतं. मी तर मनातल्या मनात त्या मुलीचं दप्तर कॅरिअरला बांधूनही टाकलं होतं.

एक गोष्ट मात्र मी हिशेबात धरली नव्हती. बहादरपूर ही सरांची सासुरवाडी.

वेशीवरच मेहुणे उभे. जावई दारावरून न जेवता जातो म्हणजे काय? पाय धुवायला पाणी आलं, पाट मांडले गेले, पुरणाचे मांडे वाढले गेले. सर मुकाट्यानं जेवायला बसले. मीही बसले, भूक मलाही होती. दुसरा मांडा संपवून मी बाहेर पाहिलं तर ओट्याला टेकवलेल्या सायकली गायब.

"काळजी नका करू मॅडमजी," मेहुणे छाती फुगवून म्हणाले. "सायकली टेम्पोत टाकून शनवाऱ्याला पाठोल्या. तुमाले गाडीनं सोडतो. जवाई घाम गाळत गावातून गेला तं लोकं काय म्हनतीन? आमची काही इज्जत हाये का नाही?"

माझं डोकंच फिरलं. चार दिवसांची मेहनत त्या टेम्पोत निघून गेली होती. शिवाय टेम्पो चक्कीसमोरूनच जाणार होता. मुलीचा बाप काय पाहणार? मॅडमची सायकल टेम्पोत आणि मागून मॅडम गाडीत! मी आवाज चढवला, अट सांगितली, मुलीचं सांगितलं. सासूबाई प्रेमानं म्हणाल्या, "होऊ द्या हो, थकल्या असान. तूप घ्या." माझं कोणी मनावरच घेईना. मी पाहुण्यांची पाहुणी.

मी सरांकडे पाहिलं. सासुरवाडीत ते मान वर करून बोलत नाहीत, हे सगळी शाळा जाणते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. ताट पुढे सरकवलं. तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काय झालं जवाईबापू?"

"मी रुसलो," सर म्हणाले.

सासूबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

"लग्नात रुसायचं राहून गेलं होतं," सर भिंतीला सांगत होते. "आज रुसलो. माझी सायकल आणि मॅडमची सायकल, होती तिथं ओट्याला पाहिजे. तोवर पाणीसुद्धा घेणार नाही."

जे मला ओरडून जमलं नाही ते त्यांनी पाठ फिरवून केलं. मेहुणे फोनवर टेम्पोवाल्यावर असे खेकसले, जणू चूक त्याचीच. सायकली परत ओट्याला लागल्या तेव्हा सर वळले, उरलेला मांडा शांतपणे संपवला आणि सासूबाईंच्या पाया पडले. त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की काही टोमणा सुचलाच नाही.

चक्कीपाशी मुलीचे वडील रस्त्यावरच उभे होते. मागे दारात ती. मी ब्रेक लावला.

"सायकली टेम्पोत पाहिल्या मी मॅडम," ते म्हणाले. "हिले म्हटलं बी, पाह्य तुह्या मॅडमची सायकल."

"आणि परत येताना?"

"तेबी पाहिल्या."

एक ट्रक धूळ उडवत गेला. तो लांब जाईपर्यंत त्यांनी पाहिला. मग वाकून त्यांनी माझ्या सायकलची सीट हातानं दाबून पाहिली.

"लई उंच हाये ही. हिचे पाय पुरतीन का?"

मी मुलीला हाक मारली. वडिलांनीच चक्कीतून पाना आणला, सीट खाली घेतली आणि तिला वर बसवलं. तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. सर एका हातानं हँडल धरून उभे होते आणि दुसऱ्यानं उगाचच चष्मा पुसत होते.

सीट वर घ्यायला वडील पुन्हा पाना घेऊन आले. मी म्हटलं, "राहू द्या."

शनवाऱ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा माझे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागत होते. बघणारे हसत होते. हसू देत. ती सीट तिच्या मापाची होती.