घाटातला राहिलेला तुकडा

इंदूरच्या मल्हारगंजात ब्लाउज शिवणाऱ्या अनुश्रीताई आतल्या अस्तराचा टाका वाकडा गेला तरी सगळी शिवण उसवतात. "ताई, अंदरचं कोणाला दिसतंय?" असं कोणी म्हटलं, की मशीन थांबवून महेश्वरची गोष्ट काढतात. घाईत आलेल्या बाईची मग खैर नसते.

गोष्ट त्यांच्या नवव्या वर्षाची. वडील रघुवीरराव शाळेत भूगोल शिकवायचे. नकाशावर जे बोटभर दिसतं ते चालायलाही फार नसतं, असा त्यांचा भाबडा समज होता. नाताळच्या सुट्टीत त्यांनी जाहीर केलं, "इंदूर ते महेश्वर, पायी. चाकाला कोणी शिवायचं नाही, समझे? नर्मदामैयाला ताठ मानेनं सांगायचं, चालत आलो." आईनं, म्हणजे सरलाबाईंनी, वाद घालण्याऐवजी तीन किलो शेव बांधून घेतली.

महूपर्यंतच बाबांचे नवे कॅनव्हासचे बूट चावू लागले. आई मात्र साध्या चपलांत कायम पुढे. मानपुरनंतरच्या घाटात तर ती वळणाआड दिसेनाशी झाली, बाबा लंगडत मागे पडले आणि टाचेला फोड आलेली अनुश्री मधे एकटी राहिली. तेवढ्यात भुशानं शिगोशीग भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर हळूहळू आला.

"बैठ जा बेटा, मोड़ तक," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

अनुश्री बसली. वळणाच्या अलीकडे उतरली आणि काही झालंच नाही असा चेहरा करून चालू लागली. बाबाही लगेच मागून आले. एवढ्या लवकर कसे, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

पाचव्या दिवशी महेश्वरच्या घाटावर तिघांनी हात जोडले. "मैया, पायी आलो." अनुश्रीही म्हणाली. मैयाशी खोटं बोललेल्या मुलीचं काय होतं, हे भूगोलात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढ्यातले पोहे तसेच ठेवून ती रडायला लागली आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

"पोर आहे, सोडा," आई म्हणाली.

बाबा मात्र न रागावता उठले. "चल, तेवढा तुकडा चालून येऊ."

दोघं बसनं मागे गेले. घाटात उतरताना कंडक्टर म्हणाला, "भिया, यहाँ तो कुछ है ही नहीं."

"हमारा छूट गया था," बाबा म्हणाले.

ट्रॅक्टर भेटला होता त्या जागेच्याही थोडं मागून दोघं चालू लागले. अनुश्रीला फार लाज वाटत होती. आपल्यापायी दुखऱ्या पायांनी बाबांना पुन्हा चालावं लागतंय, म्हणून तिनं माफी मागितली.

"तू ट्रॅक्टरवर पुढे बसली होतीस ना," बाबा म्हणाले, "तेव्हा मी आधीपासूनच ट्रॉलीच्या मागे लटकलो होतो. भुशामुळे तुला दिसलो नाही. मला सांगायचा धीर होत नव्हता, बेटा. तू बोललीस म्हणून सुटलो."

अनुश्री एकदम हलकी झाली, आणि मग तिला बाबांचा भयंकर राग आला. वळण येईपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही, पण हात सोडला नाही. महेश्वरला परतल्यावर तिनं त्यांना तडक घाटावर नेलं. अख्खा वर्ग नजरेनं गप्प करणारे रघुवीरराव गुडघाभर पाण्यात लेकीशेजारी उभे राहिले आणि स्वतःचे कान धरून म्हणाले, "मैया, आता चालून झालं."