काळुराम केणेचा कोरडा पत्रा

महिपत घारे मास्तरांना काळुराम केणे पहिल्यांदा भेटला, तेव्हा समोर उभा आहे तो माणूस आहे हे कळायलाच मास्तरांना पाच मिनिटं लागली. बावन्न सालची गोष्ट. सासऱ्यांनी मुरबाडहून पाठवलेलं भाताचं पोतं घेऊन मास्तर कल्याणच्या गिरणीत शिरले, तर आत नुसता ढग. त्या ढगाला आधी मिशा फुटल्या. मिशांच्या वर दोन लाल डोळे उघडले, खाली एक तोंड उघडलं, आणि मग कान, नाक, हात असे बाकीचे अवयव ज्याला जसं जमेल तसे गोळा झाले. भुवयांत भुसा, कानांत भुसा, छातीच्या केसांत एखाद्या चिमणीचा संसार थाटला जावा इतका भुसा.

मग तो ढग बोलला. वीस वर्षं इंजिनाशेजारी काढल्यामुळे सगळं जग आपल्याइतकंच बहिरं आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्याच्या पहिल्या शब्दाला छपरावरची कबुतरं उडाली, हमालाच्या तोंडातली विडी विझली, आणि ठाकुर्लीच्या फलाटावर उभ्या असलेल्या कुणा गृहस्थाने "मला हाक मारली का?" म्हणून मागे वळून पाहिलं, असं सांगतात.

"मास्तर! तुमी शालेत इज्ञान शिकवताव कं?"

"हो," मास्तर पोत्यामागे सरकत म्हणाले.

"मंग मना सांगा, जग कसं जालं?"

मास्तर भात कांडून घ्यायला आले होते. तीन वाजता आठवी ब वर त्यांचा तास होता. जग कसं झालं हा भाग क्रमिक पुस्तकात नव्हता, त्यामुळे मास्तरांनी त्याचा कधी विचार केला नव्हता.

"मना ठावं हाय," काळुराम ओरडला. "पन खरं का खोटं ता सांगनारा कोन भेटत नाय. या इकरं."

आणि त्याने मास्तरांचा हात धरून त्यांना इंजिनाकडे नेलं.

इंजिनावर छपरातून टपटपणारं पाणी पडू नये म्हणून एका लोखंडी दांड्यावर हातभर लांब, हातभर रुंद पत्रा आडवा बसवला होता. बरोबर मधोमध एकच बोल्ट. चारही कडा मोकळ्या. इंजिन धडधडलं की पत्रा थरथरायचा, आणि हवेतला भुसा त्याच्यावर पडायचा. पडल्यावर मात्र तो पडून राहत नसे. मास्तर बघत राहिले. भुशाचे कण टुणटुण उड्या मारत पळत होते आणि ठरावीक रेघांवर जाऊन गप बसत होते. मधे फुली, तिच्याभोवती चार पाकळ्या. कुणी रांगोळी काढावी तशी.

"आता बगा," असं म्हणून काळुरामने इंजिनाचा वेग कमी केला. फुली मोडली. भुसा घाबरल्यासारखा सैरावैरा झाला आणि पाहता पाहता दोन वर्तुळं होऊन बसला.

मास्तरांनी हात पुढे केला तसा काळुराम एवढ्याने ओरडला की मास्तर दोन पावलं मागे गेले. "हात नका लावू! आदी हात पुसा!" साऱ्या गिरणीत तेलाचा लेप नसलेली ती एवढीच वस्तू होती. काळुराम रोज सकाळी अंघोळ करून, राखेने घासून, कोरड्या फडक्याने पुसून तो पत्रा बसवायचा. गिरणीचे मालक असलेल्या शेठनाही शिवू देत नसे. मास्तरांनी मनाशी ताडलं की देवाच्या ताम्हणासारखं हे याचं सोवळं आहे. पुढे जे झालं, ते या ताडण्यामुळे झालं.

मग काळुरामने आपलं म्हणणं सांगितलं. "आदी काय नव्हतं. नुसता भुसा. अंधारात, सगलीकरं सारखा. मंग कायतरी थरथरलं. लाट निंगाली. ती गेली कडेला, आपटली, मागं फिरली. जानारी लाट न येनारी लाट एकमेकीला भिडल्या. खारीवर बंदराच्या भिंतीला लाट आपटून परत येते, तवा मधीच पानी कुठंकुठं गप उभं ऱ्हातं, बगितलंय कं? तशा गप जागा जाल्या. भुसा धावत धावत तिथं जाऊन बसला. त्याचा सूर्य जाला. तारे जाले. आपली धरती पन तसलीच येक गप जागा. म्हनून तर आपल्याला कळत नाय, की भवती सगलं थरथरतंय."

मास्तर ऐकत राहिले. मग शिक्षकी सवयीने म्हणाले, "पण काळुराम, ते इंजिन चालवतो कोण?"

"ता शेठला ठावं," काळुराम म्हणाला.

मास्तरांचा आठवी ब चा तास बुडाला, आणि त्याच्यामागे मास्तरांचे रविवारही बुडाले म्हणायला हरकत नाही, कारण पुढची तीन वर्षं मास्तर दर रविवारी भाताचं काही काम नसतानाही गिरणीत दिसू लागले. मास्तरांच्या पत्नी सरोजवहिनी त्यांचे कपडे झटकताना म्हणायच्या, "अहो, घरातून विज्ञान शिकवायला जाता आणि पिठात घातलेल्या भज्यासारखे परत येता!" पण मास्तरांचीही बाजू होती. बारा वर्षं ते विज्ञान शिकवत होते, आणि बारा वर्षांत त्यांनी एकही प्रयोग केला नव्हता. शाळेत प्रयोगाचं कपाट होतं, पण त्याची किल्ली आधीचे मास्तर बदली होऊन जाताना घेऊन गेले होते. घारे मास्तरांचा ऑक्सिजन खडूचा होता आणि चुंबक फळ्यावरचा. इथे मात्र समोर काहीतरी घडत होतं. खाडीपल्याडच्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजायची जुनी धनुकली आणायची कल्पना मास्तरांचीच. तिच्या तातीला, म्हणजे आतड्याच्या ताणलेल्या दोरीला, राळ लावून ती पत्र्याच्या कडेवरून ओढली की इंजिनाशिवायही पत्रा गायला लागे आणि भुसा रेघांवर बसे. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मास्तर आणि काळुराम दोघंही गिरणीच्या दारात अक्षरशः नाचले. हमालांना वाटलं, शेठनी मजुरी वाढवली.

काळुरामचं मागणं मात्र एकच, आणि ते तीन वर्षांत बदललं नाही. "मास्तर, कुना जानत्याला दाखवा. खोटं असंल तर खोटं सांगू दे. पन बगून सांगू दे."

पंचावन्न साली तो योग आला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात एका वाचनालयाच्या सभागृहात मुंबईचे एक प्राध्यापक 'विश्वाची उत्पत्ती' या विषयावर बोलणार होते. मास्तरांनी चिटणिसांना तीन पत्रं लिहिली, दोनदा जाऊन भेटले, आणि व्याख्यानानंतर दहा मिनिटं मिळवली. नवरात्रात पत्रा आणि धनुकली सरावासाठी मास्तरांच्या घरी येऊन राहिली. काळुरामने नवी टोपी घेतली.

खंडेनवमीला मास्तरांना भरून आलं. लोक हत्यारं पुजतात, अवजारं पुजतात, मास्तर दरवर्षी आपली फूटपट्टी आणि खडूची पेटी पुजत. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्या घरात पुजण्याजोगं अवजार होतं. त्यांनी पाट मांडला. पत्रा मधोमध ठेवला. आणि लोखंडाला त्या दिवशी करतात तसं सारं साग्रसंगीत केलं. हातावर खोबरेल तेल घेऊन त्यांनी पत्र्याला पुढून चोळलं, मागून चोळलं, कडा चोळल्या. पत्रा आरशासारखा लखलखला. गंध, फूल, झेंडूचा हार.

"किती तेल ते!" सरोजवहिनी म्हणाल्या. "डोक्याला लावायला ठेवा थोडं."

"प्राध्यापकांच्या पुढे जायचंय त्याला," मास्तर म्हणाले. "तोंड चकचकीत नको?"

पुजलेलं अवजार त्या दिवशी वापरायचं नसतं. दुसऱ्या दिवशी दसरा, आपट्याची पानं घेऊन घरोघर फिरण्यात गेला. संध्याकाळी मास्तरांनी तेल फडक्याने पुसलंही, पण अंगात मुरलेलं तेल पुसून कुठे जातं? तिसऱ्या दिवशी गिरणीच्या ट्रकमधून, भिवंडीवरून वळसा घेत, मास्तर, काळुराम, स्टूल, धनुकली, भुशाची पिशवी आणि धोतरात गुंडाळलेला पत्रा अशी सगळी मंडळी ठाण्याला पोचली.

प्राध्यापक छान बोलले. दीडशे माणसं होती. मग मास्तर उठले आणि दहातली सात मिनिटं स्वतःच बोलले. लाट, कडा, गप जागा, सगळं पुस्तकी मराठीत. शेवटी त्यांनी पत्र्याभोवतीचं धोतर सोडलं आणि काळुरामला खूण केली.

काळुरामने पत्रा स्टुलावर बोल्टाने बसवला. त्याचं बोट पत्र्यावरून गेलं आणि थांबलं. त्याने बोट नाकाशी नेलं. मास्तरांकडे एकदा पाहिलं. मास्तर त्याच्याकडे पाहून अभिमानाने हसत होते. काळुरामने बोट धोतराला पुसलं, पिशवीतला भुसा चिमटीने पसरला आणि धनुकली ओढली.

पत्रा गायला. भुसा हलला नाही.

पुन्हा ओढली. भुसा अंगाला हळद फासल्यासारखा पत्र्याला चिकटून बसला होता. विश्व जिथल्या तिथे.

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, आता वडे सोडा त्यात!" सभागृह फुटलं. दीडशे माणसं हसली. प्राध्यापक हसले नाहीत. ते पुढे वाकून म्हणाले, "जरा थांबा. काय व्हायला हवं होतं? हे गृहस्थ कोण?"

इथे मास्तरांना एक वाक्य बोलायचं होतं. हे काळुराम केणे, मी याच डोळ्यांनी तीनशे वेळा हे होताना पाहिलंय. तेवढंच. पण दीडशे माणसांचं हसू अंगावर आलं की माणूस ज्या बाजूला हसू असेल त्या बाजूला जाऊन उभा राहतो. मास्तर हसले, आणि म्हणाले, "आमच्या गिरणीत कामाला असतो, साहेब. वीस वर्षं भुशात काढली, आता थोडा डोक्यातही गेलाय. म्हटलं, हौस आहे बिचाऱ्याची."

काळुराम बहिरा होता. पण एवढं ऐकू यायला कान लागत नाहीत.

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये मास्तरच बोलत होते. हवा दमट होती, राळ जुनी असणार, पुढच्या वेळी बघू. कल्याणला उतरताना काळुराम म्हणाला, "पत्रा ऱ्हाऊ द्या तुमच्याकरं." भुशाची रिकामी पिशवी तेवढी त्याने घडी करून खिशात घातली.

त्यानंतर मास्तरांचं भात दुसऱ्या गिरणीत जाऊ लागलं. ती गिरणी अर्धा मैल लांब होती.

संक्रांतीच्या सुमाराला सरोजवहिनींना रांगोळी चाळायला काहीतरी सपाट हवं होतं. त्यांनी तो पत्रा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात धुतला, राखेने घासला, उन्हात टाकला. वर चाळणीतून रांगोळी चाळत बसल्या. मास्तर रविवारचे रिकामे होते. हात शिवशिवला म्हणून त्यांनी माळ्यावरची धनुकली काढली, पत्र्याखाली मधोमध वरवंटा उभा करून पत्रा वरून अंगठ्याने दाबला आणि कडेवरून तात ओढली.

रांगोळी पळाली. फुली. चार पाकळ्या.

"अगंबाई!" सरोजवहिनी म्हणाल्या. "हे तुम्हाला ठाण्यात का नाही जमलं?"

मास्तरांनी धनुकली खाली ठेवली. त्यांना सोवळं आठवलं, "आदी हात पुसा" आठवलं, आणि काळुरामने नाकाशी नेलेलं बोट आठवलं. त्याला कळलं होतं. त्या क्षणी, तिथे, दीडशे माणसांसमोर त्याला कळलं होतं. 'मास्तरांनी तेल चोपडलंय' एवढं तो म्हणाला असता तरी मास्तरांचं हसं होऊन त्याचं जग वाचलं असतं.

मास्तरांनी लगेच जायला हवं होतं. चप्पल घातलीही होती. मग वाटलं, परीक्षा होऊ देत. परीक्षा झाल्या, तेव्हा उन्हाळा फार होता. मग पाऊस. मग नवरात्र आलं, आणि नवरात्रात तर मास्तरांना गिरणीच्या रस्त्यानेही जाववेना. असं करत सत्तावन्न साल उजाडलं. मास्तर मनाचा हिय्या करून पत्रा धोतरात गुंडाळून गिरणीत गेले, तर आत शांतता. इंजिन गेलं होतं. कोपऱ्यात विजेची मोटर बसली होती, ती थरथरत नव्हती, नुसती गुणगुणत होती. काळुराम? तो आता अंबरनाथला एका कारखान्याच्या फाटकावर असतो, हमालाने सांगितलं.

काळुराम ठाकुर्लीला आपल्या घरीच सापडला. मास्तरांनी त्याला आधी ओळखलंच नाही. भुवया काळ्या होत्या. अंगात खाकी सदरा. शेवंतीने, त्याच्या बायकोने, चहा ठेवला.

मास्तरांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सगळं सांगितलं. तेल मी लावलं. दोष माझा. रांगोळी बरोबर बसली. आणि ते वाक्य, ते मी बोलायला नको होतं, काळुराम.

"तेलाचं तवाच कळलं," काळुराम म्हणाला. त्याचा आवाज आता लहान झाला होता. "तुमी हौसेनं केलंवतं. चार लोकांत मास्तरला कशाला खाली पारायचं?"

मास्तर आणखी जवळ सरकले. "मी प्राध्यापकांना पत्र लिहितो. पुन्हा नेऊ. ते विचारत होते, काळुराम, ते खरंच विचारत होते!"

"नको."

"अरे, पण खरं की खोटं, ते तुला कळायला नको?"

"आता मी बगत नाय, मास्तर," तो म्हणाला. "फाटकावर हाय. गारी आली की उघरायचं, गेली की लावायचं. नोकरी पक्की हाय." मग त्याची नजर धोतरातल्या गुंडाळीवर गेली आणि चेहरा उजळला. "पत्रा आनलाव कं? बरं जालं. शेवंते, बग गं, काम जालं!"

आठवडाभर मुंगूस येत होतं. मागच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं होतं, त्याचं छप्पर कुजलं होतं. मास्तरांनी पत्रा धरला, काळुरामने खिळे मारले. चार कोपऱ्यांत चार. पत्रा मापाला बरोबर बसला. मधलं भोक तेवढं डांबराने बुजवावं लागलं.