कुलपाला भेटायला

“ऐन नाताळात दार-एस-सलामला? आज्जे, येडी झालीस काय? भाडं दुप्पट झालंय!” किलिमांजारोच्या पायथ्याशी असलेल्या मोशीच्या बसथांब्यावरचा तिकीटवाला म्हणाला.

“वर येनाऱ्याला दुप्पट, बाबा. समदे आपले चग्गा लोक सनाला डोंगरावर आपापल्या गावी येत्यात, खाली जानाऱ्या गाड्या रिकाम्या. मला अर्ध्यात दे. लेकीचं बाळ अजून बघितलं न्हाई,” ऐकांदे म्हातारी ऐटीत म्हणाली.

“आन् लेक काय तितंच बसनार हाय?”

म्हातारीचा हात पिशवीतच राहिला. लेकीचं सासर शेजारच्याच किबोशो गावात. नाताळाचा बोकड सासऱ्याच्या दारात कापायचा आणि सून शहरात, असं कधी झालंय?

“तिच्या कुलपाला भेटाया निगालीस व्हय?” तिकीटवाला हसला.

“हस मुडद्या. बाळच येतंय की माज्याकडं!”

घरी येऊन तिनं कोयता उचलला आणि लेकीला दूध भरपूर मिळावं म्हणून गाईसाठी केळीची पानं तोडायला लागली.