तिचे काठ, माझी साडी

मला दुसरेपणावर दिली तेव्हा त्या घरात माझ्याआधी दोघी होत्या. एक यजमानांच्या वारलेल्या पहिल्या बायकोची मुलगी, नुकती पावलं टाकायला लागलेली. दुसरी पत्र्याची ट्रंक, जिला हात लावायचा नाही असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. मुलगी मला मावशी म्हणायला लागली आणि दोन-चार महिन्यांत माझ्या कडेवरून उतरेनाशी झाली. तिच्याबद्दल माझं कधीच काही म्हणणं नव्हतं. ट्रंक मात्र डोळ्यांत खुपायची.

ट्रंकेत त्या पहिलीचा लग्नातला शालू होता. आमचे यजमान रेल्वेत, घाट चढवणाऱ्या इंजिनावर होते. लग्न ठरल्यावर स्वतः पुण्याला जाऊन त्यांनी तो निवडून आणला, ही गोष्ट लोणावळ्यातल्या प्रत्येक शेजारणीनं मला ऐकवली होती. माझं लग्न देवळात उरकलं, चार माणसांत. साडी माझ्या मामानं आणली होती. कुंकवाच्या रंगाची, काठ दोऱ्याएवढा बारीक, पण रेशीम अस्सल. त्या दिवसानंतर यजमानांनी त्या साडीचा एकदाही विषय काढला नाही. मला काय हवं होतं म्हणाल तर एवढंच, की या माणसानं एकदा तरी माझं काहीतरी आठवणीत ठेवावं.

माझ्या गळ्यात सवतीचा टाक होताच. सोन्याच्या पत्र्यावर ठोकलेली तिची बोटाच्या पेराएवढी मूर्ती. सणावाराला पहिलं हळदकुंकू त्या टाकाला आणि मग मला. ती सवाष्ण गेली म्हणून तिचं भाग्य थोर, असं बायका म्हणायच्या. मी आपली चुलीपुढं बसून ऐकायची. मेलेल्या बाईचा स्वयंपाक कधी करपत नाही, तिचं चांगलं म्हणायला लोकांचं काय जातं?

पावसाळा संपला की आमच्याकडं घरातली सगळी कापडं उन्हात पडायची. इथल्या हवेत चार महिने काही कोरडं राहत नाही, बुरशी धरते. गोधड्या, कोट, माझी ती लग्नातली साडी, सगळं दोरीवर. शालू तेवढा बाहेर यायचा नाही. तिनं आपल्या हातानं जशी घडी घातली होती तशीच ती राहायला हवी, असा यजमानांचा हट्ट. मी एकदा म्हटलं, "अहो, रेशमाची घडी बदलावी लागते." त्यांनी ट्रंक खाटेखाली आणखी आत सरकवली. पुन्हा मी तोंड उघडलं नाही.

लढाईच्या दिवसांत मुलीचं लग्न ठरलं. बाजारात कापड मिळेना, रेशीम तर औषधाला नाही. मुलगी म्हणाली, "मला आईचाच शालू नेसायचा आहे." ट्रंक उघडली. यजमानांनी दोन्ही हातांनी शालू उचलला आणि तो प्रत्येक घडीवर फाटत गेला. मधलं कापड इतकं विरलेलं, की बोट लागेल तिथं भोक. काठ आणि पदर तेवढे जरीच्या जोरावर शाबूत. यजमान खाटेवर बसले ते बसलेच. मला काय वाटलं ते सांगते. बरं वाटलं. त्यांनी इतकं जपलं म्हणूनच तो गेला.

"तुला काही करता येईल का?" त्यांनी मला विचारलं. विचारणारच. आमच्या गावाला लागून तुंगार्ली, तिथल्या बंगल्यांत पारशी बायका हवेसाठी येऊन राहायच्या. एका साडीची भरतकामाची कोर उसवून दुसरीवर लावायची, हे त्यांचं काम मी वर्षानुवर्षं करत होते. एकेक कोर आईकडून मुलीकडं जायची, साडी नवी आणि कोर जुनी. मी म्हटलं, "काठ-पदर कापून दुसऱ्या साडीवर चढवता येतील. पण त्याच रंगाचं रेशीम हवं. ते आणायचं कुठून?"

यजमान क्षणभरही थांबले नाहीत. "तुझी ती देवळातली आहे ना. रंग तोच आहे."

इतक्या वर्षांत त्यांना माझी साडी आठवली ती अशी, कापड म्हणून.

नाही म्हणता आलं असतं. मुलगी दारात उभी होती, तिच्याकडं बघून जीभ वळली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी बसून कात्री घेतली. तिच्या शालूचे काठ कापायला लागले तेव्हा यजमान उठून बाहेर गेले, त्यांना बघवेना. मग मी माझ्या साडीचे काठ कापले. तेव्हा ते परत आत येऊन चहा पीत होते. शालूची फाटकी लक्तरंसुद्धा त्यांनी गोळा करून ट्रंकेत ठेवली. माझ्या साडीचे कापलेले काठ मी केरात टाकले.

टाके मी असे घातले की उलट्या बाजूनंही दिसू नयेत. हात माझा, काम वाईट करणं मला जमत नाही. मनात मात्र प्रत्येक टाक्याला सवतीला बोल लावत होते.

लग्नाच्या दिवशी मुलगी नेसून मांडवात आली आणि बायकांत एकच कुजबुज उठली. "अगं बाई, आईचा शालू! आईच आली म्हणायची." वडिवळे गावाहून आलेली तिची आजी, म्हणजे माझ्या सवतीची आई, पुढं झाली. पदर हातात घेऊन रडायलाच लागली. "माजी लेक आली गं. लय वर्सांनी बघितला ह्यो शालू." मी अक्षतांचं ताट घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मुलीनं आजीचे डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजी, काठ-पदर आईचा आहे. साडी मावशीची आहे. तिच्या लग्नातली. माझ्यासाठी कापली तिनं."

आजीनं वर बघितलं. "व्हय?" म्हणाली. बायकांच्या माना माझ्याकडं वळल्या, कोणीतरी पाठीवरून हात फिरवला. मी मात्र यजमानांना शोधत होते. ते मुलीच्या पलीकडं उभे होते. त्यांनी ऐकलं होतं, नक्की ऐकलं होतं. दोन पावलं चालून ते माझ्याजवळ आले, डोळे भरलेले.

"काठ काय सुरेख बसलाय गं," म्हणाले. "अगदी होता तसा."

तिथल्या तिथं एकेक टाका दातानं उसवावासा वाटला. "हो," म्हटलं, आणि अक्षता वाटायला गेले.