हरणीला भेटायला गेल्तो

चहा आधी पिऊन घ्या. ऐकता ऐकता ठसका लागला तर मला बोल लावू नका. जुन्या जालन्यातून, भरदिवसा, भरल्या बाजारातून मी दुसऱ्याचं जनावर सोडून नेलंय. आन तेबी गपचूप न्हाई, मोठमोठ्यानं रडत.

आता हे कसं झालं म्हणता? सांगतो.

आमचं गाव टेंभुर्णी. घर पहिल्यापासून मेंढरावालं. माझ्या लहानपणी आबा, म्हंजे आमचे वडील, मेंढरं घेऊन निघायचे तव्हा सगळा संसार घोडीच्या पाठीवर असायचा. भांडी, घोंगड्या, दोन कोंबड्या, आन सगळ्यात वर बांधलेला मी. घोडी चालायची आन मी डुलत डुलत झोपायचो. तशी झोप मला पुन्हा कुठल्या गादीवर लागली न्हाई, खरं सांगतो.

पुढं मेंढरं विकली, चराईची रानं गेली. मी शेती करायला लागलो. आबांनी मात्र एक घोडी शेवटपर्यंत ठेवली. तिचं शेवटचं शिंगरू म्हंजे हरणी. पांढरीशुभ्र. आबा जायच्या आधी मला म्हणले, "किसन, हिला वळण लाव आन चांगल्या घरी दे. तुझ्यापाशी काम न्हाई तिला. नुसती दावणीला उभी राहून घोडी खराब व्हती."

आता, वळण लावणं म्हंजे काय खेळ हाये का? आधी पाठीवर नुसतं गोणपाट टाकलं, तर ती ते घेऊन गावभर पळाली. मंग वाळूचं पोतं ठेवलं. पोत्याची सवय झाल्यावर मी बसलो. पोतं तिला चाललं, मी चाललो न्हाई. उकिरड्यात जाऊन पडलो. आमच्या घरच्या, कावेरी, भिंतीवरून पाहून राह्यल्या व्हत्या. त्या म्हणल्या, "तिला तुम्ही शिकवून राह्यले, का ती तुम्हाला?"

तरी मी सोडलं न्हाई. मोटरसायकलच्या आवाजाला बिचकायची, तर तिच्या चाऱ्याच्या वक्ताला मी गाडी चालू करून ठेवायचो. बँडला घाबरू नये म्हणून मोबाइलवर वरातीची गाणी लावून तो पितळी हंड्यात ठेवायचो. लै मोठा आवाज निघतो, करून पाहा. शेजारचे विचारायचे, "किसनभाऊ, कोणाचं लग्न हाये?" मी म्हणायचो, "कोणाचंच न्हाई, शाळा चालू हाये."

वरीस उलटलं तव्हा हरणी अशी झाली, की बाजूनं ट्रॅक्टर जावो का ताशा वाजो, कान हलवायची न्हाई. मी हाक मारली की मागं मागं यायची. आन मंग माझं मन जड झालं. शिकवून मोकळा झालो म्हंजे आता द्यायची, न्हाई का?

पाहायला माणसं यायला लागली. एकजण आला, त्याच्या हातात चाबूक. त्याला चहा पाजून परत पाठवला. दुसऱ्याला म्हणलं, "पाणी कुठलं पाजणार?" तो म्हणला, "पाणी ते पाणी." त्याला चहाबी न्हाई पाजला. कावेरी म्हणल्या, "आपल्या पोरीच्या वक्ताला तुम्ही एवढं विचारलं नव्हतं."

शेवटी जुन्या जालन्याचे रशीदभाई आले. वरातीला घोडे देतात. गडी बोलायच्या आधी हरणीच्या मानेवर हात ठेवून नुसता उभा राह्यला. हरणीनं डोळे मिटले. मी काय समजायचं ते समजलो. ते म्हणले, "किसनभाऊ, बेटी जैसा रखूंगा. तुम कभी भी आव, देख के जाव." दिली. टेम्पोत चढवताना ती माझ्याकडं वळून वळून पाहून राह्यली व्हती. मी मात्र गोठ्यात जाऊन झाडलोट करत बसलो, झाडायला काही नसताना.

चार-सहा महिने काढले कसेबसे. मंग एका रविवारी न राहवून निघालो. पिशवीत गूळ घेतला आन बाजरीच्या भाकरी. एसटीनं जालना, तिथून रिक्षा, आन जुन्या जालन्याच्या बोळीत चालत रशीदभाईचं घर हुडकायला लागलो.

एका धान्याच्या दुकानापुढं पाहतो तर काय, खांबाला हरणी बांधलेली.

पण कशी? फासळ्या मोजून घ्या. पांढऱ्या अंगावर धूळ, मान खाली. जवळ गेलो, गूळ पुढं केला, तर हातासकट खाऊन राह्यली. मी म्हणलं, ओळखलं पोरीनं. तिच्या गळ्यात पडलो आन तिथंच ढसाढसा रडायला लागलो.

माणसं जमली. एकानं विचारलं, "काय झालं काका?" मी म्हणलं, "माझी लेक हाये ही. चांगलं घर पाहून दिली व्हती, आन पाहा काय हाल केले." बायाबापड्या हळहळल्या. एक मावशी डोळ्याला पदर लावून म्हणली, "घेऊन जा भाऊ, ठेवू नका इथं." झालं. मला तेवढंच पाहिजे व्हतं. दोर सोडला आन निघालो.

चालता चालता घरी फोन लावला. म्हणलं, "हरणीला परत आणून राह्यलो. लै हाल झाले तिचे." कावेरीलाबी रडू फुटलं. त्या म्हणल्या, "आणा, बिलकुल सोडू नका. मी गोठा सारवून ठेवते."

रस्त्यात मी हाक मारली, "हरणे." ती काही पाहीना. मी म्हणलं, दुःखानं नाव विसरली बिचारी. चालही जरा लंगडी वाटली. म्हणलं, मारलं असंल. एवढे चांगले वाटले रशीदभाई, पण माणूस वळखू येत न्हाई, असं बडबडत बडबडत पार पुलापर्यंत आलो. मागून एक म्हातारे धोतरवाले केव्हाचे आरामात चालत येत व्हते. पुलावर ते माझ्या बाजूला आले आन म्हणले, "पाव्हणं, घोडा कुठवर न्यायचा विचार हाये?"

मी म्हणलं, "घोडा न्हाई बाबा, घोडी हाये."

ते म्हणले, "बरं. जरा वाकून पाहता का?"

मी वाकलो. माझ्यासंगं रिक्षावाले वाकले, भाजीवाली वाकली, आख्खा पूल वाकला.

घोडा व्हता.

तोंडचं पाणी पळालं. म्हणलं, "बाबा, मंग तुम्ही दुकानापाशीच का न्हाई अडवलं?" ते म्हणले, "अहो, टांग्याचा घोडा हाये माझा. टांगा बंद झाला, हा म्हातारा झाला, दात गेले, खाल्लेलं अंगी लागत न्हाई. दिवसभर पोराच्या दुकानापुढं उभा राहतो. माझ्यानं फिरवणं व्हत न्हाई. तुम्ही एवढ्या मायेनं घेऊन चालले, तोबी खुशीत चालून राह्यला. म्हणलं, फिरू द्या लेकराला थोडं."

लोक हसले, पण मला तिथंच बसावंसं वाटलं. आबांची आठवण झाली. तेबी असेच, जनावराचं आधी पाहायचे.

मी कोणाकडं निघालो व्हतो ते सांगितलं, तसा त्या बाबांनीच कोणालातरी सांगून रशीदभाईला निरोप धाडला. थोड्या वेळानं पुलाच्या त्या टोकाकडून रशीदभाई येताना दिसले, आन त्यांच्यासंगं हरणी. अहो, काय सांगू? अंग असं भरलेलं की पाणी टाकलं तर घसरून जाईल. आयाळीची वेणी घातलेली. बाजूनं ट्रक गेला, तिनं कान हलवला न्हाई. मला पाहिलं मात्र, आन रशीदभाईच्या हातातून दोर सुटला. सरळ येऊन माझ्या खांद्यावर तोंड टेकवलं तिनं. मी तिच्या मानेवरून हात फिरवत राह्यलो.

रशीदभाईला रस्त्यात सगळी कथा कळली व्हती. ते एवढंच म्हणले, "किसनभाऊ, भाकरी लाए क्या? हमारी बेटी भूकी है." उरलेल्या भाकरी तिघांत वाटल्या. हरणी, तो म्हातारा घोडा आन मी. मंग ती रशीदभाईच्या मागं मागं घरी गेली, मी एकट्यानं एसटी धरली.

घरी पोचलो तर काय? गोठा सारवलेला, दारात रांगोळी, आळीतल्या बाया ओवाळायला ताट घेऊन उभ्या. मी हात हलवत एकटाच पुढं झालो. काही लपवलं न्हाई, बराबर झालं तसं सगळ्यांपुढं सांगितलं. बाया पदरात तोंड घालून हसल्या. कावेरी काही हसल्या न्हाईत. ताट खाली ठेवलं, माझ्याकडं नीट पाहिलं आन म्हणल्या,

"बरं झालं बाई, लग्नाच्या वक्ताला मला पाहायला तुमचे आबा आल्ते."