कानाची पाळी

ब्रश धोतराच्या सोग्याला पुसत ते विचारायचे, "ते ऱ्हाऊ द्या. दिसत कसं व्हतं?" कुणी बैलाचं कौतुक सांगो, कुणी लग्नाचं, आमच्या चिंचवडच्या या पेंटरांचा प्रश्न ठरलेला. बैल गुणी आहे एवढं सांगून भागत नसे. शिंगं कुठं वळली तेही सांगावं लागे. असं खोदून विचारणारं माणूस तुम्हालाही कुठं भेटलं असेल.

दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. सन पंचावन्नच्या आसपास पिंपरीच्या नव्या कारखान्यात कारकून म्हणून मी साताऱ्याकडून आलो. कविता करायचो. आई नुकतीच गेली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. पेंटरांनी तिचं चित्र काढावं म्हणून मी त्यांना तिच्यावरची माझी कविता वाचून दाखवली. तिच्यात माया होती, सावली होती, तुळशीपुढचा दिवा होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. "पन कान कसा व्हता?"

मला सांगता येईना. नाक कसं, कपाळ केवढं, काहीच धड आठवेना. वीस वर्षं जिच्या हातचं जेवलो, तिला मी नीट पाहिलंच नव्हतं. ते रागावले नाहीत. कवितेत कान गाळला तरी चालतं, चित्रात तो काढावाच लागतो, एवढं बोलून त्यांनी घरचं थोरलं माणूस आणायला सांगितलं.

दिवाळीत माझी थोरली बहीण, अक्का, आली. दुकानात बसून ती सांगत गेली. ते कोळशानं काढत, पुसत गेले. उजव्या कानापाशी ती अडखळली. मग म्हणाली की ती पाळी फाटलेली होती. तान्हा असताना मीच कुडी धरून ओढली होती. मला कधी कळू नये म्हणून आई जन्मभर त्या कानावरून पदर घ्यायची.

पेंटरांनी चित्रातला पदर थोडा मागं घेतला आणि पाळी काढली.

"फाटल्याली मी दावली," ते हळू आवाजात म्हणाले. "पन कुनी वढली आन् तिनं का झाकली, ते माज्या ब्रशाला सांगता यायचं न्हाई. ते तुमी लिवा."

मी लिहिलं. रविवारी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि पुन्हा वाचायला सांगितलं. माझी पहिली खरी कविता मला त्यांनी दिली, असं मी आजही मानतो.

पुढं ते मुलीकडे जुन्नरला गेले आणि तिथंच वारले. मला उशिरा कळलं. दुकानाच्या जागी आता पिठाची गिरणी आहे. कामावर जाताना मी तिथं सायकलवरून उतरतो, चार पावलं चालतो आणि मग पुन्हा बसतो.