पालेभाजीचे प्रश्न

दहिवलीच्या समीक्षाचं डोकं लहानपणापासून तापट. सातवीत एका पोरानं वेणी ओढली, तर तिनं त्याच्या दंडाला असा चावा घेतला की मास्तरांना दोघांना ओढून वेगळं करावं लागलं. अशी ही पोर समाजकार्याची पदवी घेऊन एका आंतरराष्ट्रीय संस्थेत लागली, तेव्हा गल्लीत कोण कौतुक! लागली म्हणजे इंटर्न म्हणून, लोकसंख्या आणि सामाजिक विकास विभागात, काही महिन्यांपुरती. ऑफिस दिल्लीला, काम मात्र कर्जत-खालापुरात दारोदार फिरण्याचं. पण तिच्या आईनं "पोरगी फॉरेनच्या हापिसात हाय" असं सगळीकडं जाहीर करून टाकलं.

काम होतं नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांची पाहणी करण्याचं. गावात हे बोलायचं नाही, बायकांच्या तब्येतीचा सर्व्हे म्हणायचं. बाईशी एकटीशीच बोलायचं. मध्येच कुणी आलं तर विषय पालेभाजीवर न्यायचा, मेथी किती वेळा, मीठ कोणतं, आणि बाईलाही हे आधी सांगून ठेवायचं. ओळखीचं घर लागलं तर सोडून द्यायचं. विचारलेल्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, तिथलं अवाक्षर बाहेर काढायचं नाही. प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं, "तुम्ही चुकलात, तर मार तिला बसेल."

साजगावात एका चाळीत तिनं कडी वाजवली आणि दार उघडणारी बाई किंचाळलीच, "अगं बया, समीक्षा तू!"

ती चिमा. दहिवलीतल्या शेजारच्या सुंदराकाकीची लेक. नियमानं समीक्षानं तिथूनच मागं फिरायला हवं होतं. पण सासुरवाशिणीच्या दारात माहेरचं माणूस आलं, तर ती सोडते होय? चिमानं हात धरून आत ओढलं. समीक्षानं तो हात बघितला. एक बांगडी नाही. मनगटावर काळानिळा वळ, त्यात काचेच्या बारीक जखमा. समीक्षानं पाहणीचे प्रश्न आणि पालेभाजीची खूण सांगितली, नि चिमाचा बांधच फुटला.

"कारखान्यातून आला का त्याला कारन लागत नाय," चिमा नवऱ्याबद्दल, ऋतिकबद्दल सांगत होती. "पट्टा काढतो. मोबाईल फोडला, माहेरला फोन नको म्हनून. पोटाशी व्हते तवा लाथ घातली, ते प्वार गेलं. बांगड्या तर त्यानं हातातल्या हातातच चुरल्या, गं."

समीक्षाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढ्यात दारात सासू, कोंडीबाई.

"आठवड्यातून पालेभाजी किती वेळा करता?" समीक्षानं घाईनं विचारलं.

"दोनदा," चिमा डोळे पुसत म्हणाली.

"दोनदा कुठली? अर्धी जुडी तर ही देठं म्हनून फेकून देते!" कोंडीबाई करवादली.

संध्याकाळी घरी समीक्षाला घास गिळवेना. माराचा शब्द बाहेर काढायचा नाही ना? नाही काढत. सुंदराकाकीच्या दारात जाऊन ती एवढंच बोलली, "काकी, चिमाचे हात भुंडे हायत."

सुंदराकाकी पीठ चाळत होती. बांगड्या कशा गेल्या, हे तिनं विचारलं नाही. चाळण ठेवली, चपला घातल्या आणि कासाराकडून हिरव्या बांगड्या घेऊन आली. "सवाशिणीचे हात भुंडे, म्हंजे माहेराला कमीपना. तूच भरून ये गं बाय."

समीक्षाला वाटलं, काय नामी युक्ती! एक शब्द न फोडता पोरीला धीर मिळाला. शहाणी ती! दुसऱ्याच दिवशी नियम गुंडाळून ती साजगावात हजर. बांगड्या बघून चिमा लहान पोरीसारखी रडली, आणि समीक्षानं एकेक करून तिच्या हातात चढवल्या.

दुपारी पाळी संपवून ऋतिक आला. डबा ठेवता ठेवता त्याची नजर त्या हिरव्या हातांवर गेली.

"ह्या कुठल्या?"

"माहेरच्या," कोंडीबाईच म्हणाली. "हिनं आनल्या."

"सन नाय, वार नाय. माहेरला कुनी सांगितलं, हातात बांगड्या नायत म्हनून?"

आपणच घात केला हे समीक्षाला कळलं, पण आता काय उपयोग? त्यानं चिमाचा हात धरून ओट्यावर दाबला आणि पाट्यावरचा वरवंटा उचलला. पहिल्या घावाला बांगड्या गेल्या. दुसऱ्याला हाड मोडलं, तो आवाज दारापर्यंत आला. शेजारपाजार दारात जमला होता. "घरातलं हाय," असं म्हणत सगळे बघत उभे! शिवी द्यावीशी वाटते एकेकाला.

समीक्षानं झेप घेतली. त्यानं कोपरानं तिचा ओठ फोडला. मग तिनं सातवीतलंच हत्यार काढलं. त्याच्या मनगटात दात रुतवले, आणि तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. तो गुरासारखा ओरडला, वरवंटा त्याच्याच पायावर पडला. तेवढ्यात तिनं चिमाला खेचून बाहेर काढलं, रिक्षात कोंबलं आणि खोपोलीचा दवाखाना गाठला.

डॉक्टर चिमटीनं मांसातून हिरवी काच काढत होते. सुंदराकाकी धावत आली, पण पोलिसांचं नाव काढताच म्हणाली, "नको. घरातली गोष्ट हाय." समीक्षानं घडलेलं कळवल्यावर दिल्लीहून मॅडमचा फोन आला. "तुझं काम इथंच थांबवतोय. तिचा हात तुझ्यामुळं मोडला." समीक्षाला रागसुद्धा आला नाही. खरंच होतं ते.

प्लास्टर निघायच्या आधीच ऋतिकचे मामा, भिवाजी, त्याला घेऊन दहिवलीत चिमाला न्यायला आले. सुंदराकाकीनं ओटीचं ताटसुद्धा भरून ठेवलं होतं, नारळ, खण, तांदूळ. "झालं गेलं," मामा म्हणाले. "नवराबायकोचं काय, भांड्याला भांडं लागतंच."

चिमा खाली मान घालून बसली होती. समीक्षा उंबऱ्यावर. एकाएकी चिमा म्हणाली, "समीक्षा, ते तुजे प्रश्न विचार."

"पालेभाजीचे?"

"नाय. खरे. हितंच, ह्यांच्यासमोर."

समीक्षाला प्रश्न तोंडपाठ होते. "नवऱ्यानं तुम्हाला कधी थप्पड मारली, किंवा काही फेकून मारलं?"

"व्हय. तवा, ताट, कुकरचं झाकन."

"गरोदर असताना मारहाण केली?"

"व्हय. पोटात लाथ. प्वार गेलं."

"ए, बंद कर!" ऋतिक उठला. समीक्षा नुसती त्याच्या मनगटावरच्या व्रणाकडं बघत राहिली. तो खाली बसला.

"हे यापूर्वी कुणाला सांगितलं होतं का?"

चिमानं मान वर केली. "सांगितलं व्हतं. आयेला. दोनदा. ती म्हनली, नांद."

सुंदराकाकीचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली, ओटीचं ताट उचलून आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कोयता होता.

"नाय धाडत," ती म्हणाली. "निगा."

मामा चपला हातात घेऊनच बाहेर पडले, मागोमाग ऋतिक. सुंदराकाकी कोयता धरून दारात उभी होती. "चिमे," तिनं हाक मारली.

चिमानं आईकडं बघितलं नाही.

"पुढचा प्रश्न विचार," ती समीक्षाला म्हणाली.